भिंत दोघांची, निवाडा कोणाचा?

मध्ययुगीन लंडनमध्ये शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं भिंतीवरून वाजलं की महापौर आणि आल्डरमन, म्हणजे नगरसभेचे ज्येष्ठ सदस्य, थेट जागेवर हजर होत. सोबत शपथ घेतलेले गवंडी आणि सुतार. त्यांनी भिंत मापायची, तडे पाहायचे, मत द्यायचं. निकाल मात्र महापौरांचा. मुळात 1189 सालचे म्हणून ओळखले जाणारे नियमच रोखठोक होते. दोघांनी दीड-दीड फूट जागा सोडायची आणि तीन फूट जाड, सोळा फूट उंच दगडी भिंत घालायची. लाकडी घरांच्या शहरात आगीची धास्तीच तेवढी होती.

पाहणाऱ्याच्या हाती निकाल आला तो बऱ्याच नंतर, एकोणिसाव्या शतकात. सामाईक भिंतींबद्दलचा सध्याचा 1996 चा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू आहे. सामाईक भिंतीला हात लावायचा तर दोन महिने आधी नोटीस द्यायची. शेजाऱ्याने 14 दिवसांत होकार दिला नाही, तर वाद आहे असंच धरायचं. मग दोघांचे दोन सर्व्हेअर, म्हणजे पाहणी करणारे, आणि त्या दोघांनी मिळून निवडलेला तिसरा; आपल्याकडच्या जुन्या लवादातला सरपंचच म्हणा ना. सर्व्हेअर ज्याने नेमला त्याचा वकील नसतो, आणि एकदा नेमला की त्याला काढताही येत नाही. त्यांच्या निवाड्यावर 14 दिवसांत काउंटी कोर्टात अपील केलं नाही, तर तो दोघांवर बंधनकारक.

एवढा अधिकार हाती आल्यावर तो ताणला जाणारच. 1974 च्या एका खटल्यात सर्व्हेअरांनी भिंत पूर्वीपेक्षा बुटकी बांधायला परवानगी दिली होती. तेव्हाच्या कायद्यात असा हक्कच नाही, म्हणून न्यायमूर्ती ब्राइटमन यांनी तो निवाडा मोडीत काढला. 1996 च्या कायद्यात उंची कमी करण्याचं कलम आलं, तेही मर्यादा घालूनच. 2009 मध्ये अपील न्यायालयाने आणखी एक वाट बंद केली: कोर्टबाजीचा खर्च कोणी सोसायचा, हे सर्व्हेअरांनी ठरवायचं नाही.

खरी कसोटी 2023 मध्ये लागली. एका घरमालकाने नोटीस न देताच चिमणीचा भिंतीबाहेर आलेला भाग काढून टाकला. आपल्या घराचं नुकसान झालं, असं शेजाऱ्याचं म्हणणं. त्याने सर्व्हेअर नेमला; घरमालक दाद देईना, तेव्हा त्याच्या नावानेही एक नेमला गेला. दोघांनी मिळून नुकसानभरपाई आणि स्वतःची फी घरमालकावर बसवली. शेजाऱ्याबद्दल कळवळा वाटावा असंच हे प्रकरण. तरीही अपील न्यायालय म्हणालं की नोटीस नाही, तिथे हा कायदाच लागू होत नाही. शेजाऱ्याला नेहमीच्या दिवाणी दाव्याची वाट मोकळी राहिली. सर्व्हेअरांचा निवाडा मात्र रद्दबातल ठरला, आणि त्यात लिहिलेली त्यांची फीसुद्धा.