तोतया कोणाला हवा होता?

न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. पार्वतीबाईंनी मात्र कुंकू पुसले नाही. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत प्रकटला, यात फारसे नवल नाही. नवल पुढेच आहे. थोरल्या माधवरावांच्या हयातीतच त्याचे सोंग उघडे पडून तो कैदेत गेला होता. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडले आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले.

लोक इतके भोळे होते काय, असे विद्यार्थी विचारतात. आम्हांला तसे वाटत नाही. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झालेला, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला, गादीवर दोन वर्षांचे मूल आणि कारभार नाना फडणीस-सखारामबापूंच्या हाती. पेशवे घराण्यातला प्रौढ, कर्ता आणि त्या खुनाच्या डागापासून दूर असा एकच पुरुष लोकांना आठवत होता, आणि तो मेलेला होता. सुखनिधानाने फसवले खरे, पण निम्मे काम लोकांच्या इच्छेने आधीच करून ठेवले होते. (सुभेदाराचे स्वतःचे हिशेबही असणारच.)

राघोजी आंग्र्यांनी तोतयाला पकडले. त्याच वर्षाअखेर पुण्यात त्याला देहदंड झाला. पार्वतीबाईंचे कुंकू शेवटपर्यंत तसेच राहिले.