आजीचं कुंकू काळं का? ‘खऱ्या’ ब्लॅक अँड व्हाइट फोटोची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो, त्या जागा गाळल्या आहेत.)

आजचा एपिसोड माझ्या एका रागातून आलाय, हे आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी एका फोटो स्पर्धेत मी एसटी स्टँडचा फोटो पाठवला होता. पाऊस, ओला फलाट, छत्री मिटत गाडीत चढणारा एक माणूस. विभाग होता ब्लॅक अँड व्हाइट. फोनमधला एक जुन्या फोटोसारखा फिल्टर टाकला आणि स्वतःवरच खूश झालो. चार दिवसांनी मेल आला. प्रवेशिका बाद, कारण ‘फोटो मोनोक्रोम नाही’. अरे! त्यात एक रंग दाखवा मला!

मग तोच फोटो लॅपटॉपवर मोठा करून बघितला. उजेडाचा भाग किंचित पिवळट होता आणि सावल्या किंचित निळसर. फिल्टरने गुपचूप दोन रंग भरले होते. पण राग काही गेला नाही, कारण त्याच स्पर्धेत आदल्या वर्षी बक्षीस मिळालेला फोटो चांगला तपकिरी होता, चहासारखा. तो चालतो आणि माझा नाही? मग बसलो नियम वाचत. आणि नियमांच्या मागे इतिहास निघाला.

जगभरातल्या सलोन स्पर्धांमध्ये दोन संस्थांचे नियम सगळ्यात जास्त वापरले जातात. एक अमेरिकेतली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, म्हणजे पीएसए, १९३४ सालची. दुसरी फियाप, म्हणजे छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. त्याची पहिली काँग्रेस १९५० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला भरली. दोघांचं म्हणणं साधारण एकच आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा असतील, तर तो मोनोक्रोम. त्या सगळ्या छटांवर, अख्ख्या फोटोभर, एकाच रंगाची झाक असेल तरीही तो मोनोक्रोम. पण अर्ध्या भागाला एक झाक आणि उरलेल्याला दुसरी, किंवा करड्या फोटोत एकच गुलाब लाल ठेवलेला, असं असेल तर तो रंगीत विभागात गेला. स्पीलबर्गच्या ‘शिंडलर्स लिस्ट’मधली लाल कोटातली मुलगी आठवते ना? ती फ्रेम या स्पर्धांमध्ये ‘कलर’ ठरते.

म्हणजे तपकिरी फोटो नियमात बसत होता, आणि माझा फोटो बाद करणं अगदी बरोबर होतं. ठीक. पण असा नियम का केला असेल?

फियापच्या व्याख्येत एक वाक्य आहे, त्यावरून बहुतेक जण सरकन पुढे जातात. मी थांबलो. एका रंगाची झाक असलेला फोटो सलोनच्या कॅटलॉगमध्ये ब्लॅक अँड व्हाइट छापता येतो, अर्धवट रंगवलेल्याला मात्र रंगीत छपाई लागते, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. बघा, प्रश्न छापखान्याचा आहे! एकाच शाईत काम भागतंय का? तपकिरी फोटो काळ्या शाईत छापला तरी त्यातलं काही हरवत नाही. पण त्या एका लाल गुलाबाचा फोटो काळ्या शाईत छापला तर गुलाबच गेला. माझं मत विचाराल तर ही कसोटी भारी आहे. ती शुद्धतेबद्दल बोलतच नाही. रंग काढून घेतला तर फोटोतलं काही मरतं का, एवढंच विचारते.

आता मागे जाऊ या. कारण ‘शुद्ध काळा-पांढरा’ फोटो ही गोष्ट आपण समजतो तितकी जुनी नाही.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तुम्हाला म्युझियममुळे माहीत असतील. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढायचे आणि या सोसायटीत होते. त्या काळातले कागदावरचे फोटो कसे दिसायचे? तपकिरी, जांभळट, पिवळसर. पुढे चाळीसेक वर्षं जगभर जो कागद चालला तो अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला. हो, अंडी! कारखान्यांत रोज हजारो अंडी फुटायची. त्या कागदावर चांदीच्या क्षारांनी फोटो उमटायचा आणि टिकावा म्हणून त्याला सोन्याच्या क्षाराचं टोनिंग द्यायचे. राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओचे एकोणिसाव्या शतकातले फोटो पाहिलेत तर त्यात अशीच ऊब दिसेल. काळाने पिवळे पडले ते वेगळं, पण नवे होते तेव्हाही ते करडे नव्हतेच.

आपण ज्याला बघून ‘हा खरा ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणतो, तो थंड करडा रंग जिलेटिनच्या कागदाबरोबर आला आणि विसाव्या शतकात रुळला. त्यानंतरही डार्करूममधली माणसं मुद्दाम सेपिया टोन करायची. दिसायला छान म्हणून तर खरंच, पण चांदीचं सल्फाइड झालं की फोटो जास्त टिकतो म्हणूनही. तेव्हा स्पर्धांनी तपकिरी फोटोला बाहेर काढलं असतं, तर छायाचित्रणाचं अर्धं घराणंच बाहेर काढावं लागलं असतं.

हे झालं झाकेचं. पण मला जास्त मजा वाटते ती दुसऱ्या प्रश्नाची. कुठला रंग किती करडा होणार, हे ठरवतं कोण?

घरातला जुना फोटो काढा. पणजीचा, आजीचा, स्टुडिओतला. कपाळावरचं कुंकू बघा. बऱ्याचदा ते काळं ठक्क दिसतं, जणू काजळाची टिकली. लहानपणी मला वाटायचं, पूर्वी बायका काळं कुंकू लावत असतील! कारण वेगळंच आहे. सुरुवातीच्या काचांना निळा आणि अतिनील प्रकाशच काय तो दिसायचा. १८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेलने शोधून काढलं की रसायनात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवाही दिसू लागतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म आली. पण लाल? लालाला ती आंधळीच. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. जो प्रकाश फिल्मला दिसत नाही, तो कुंकवावरून परत आला काय किंवा नाही काय, फिल्मसाठी तिथे अंधारच. सगळे रंग पाहणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक काचा १९०६च्या सुमारास बाजारात आल्या, आणि स्टुडिओवाले त्यानंतरही कित्येक वर्षं ऑर्थो वापरत राहिले.

निळ्याबद्दल उलटी अडचण. निळं आकाश इतकं उजळायचं की फोटोत नुसतं कोरं पांढरं. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे जे गाजलेले फोटो केले, त्यातल्या काहींत लाटा एका निगेटिव्हमधल्या आणि ढग दुसऱ्या. दोन्ही एकाच कागदावर उमटवलेल्या. आजच्या ओपन मोनोक्रोम विभागात हे चाललं असतं, दोन्ही निगेटिव्ह त्याच्याच असल्यामुळे. बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेत मात्र तो दारातच अडला असता.

आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स? १९२७च्या एप्रिलमध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्यासमोर तो उभा होता. पिवळा फिल्टर लावून एक फोटो घेतला. मग शेवटच्या काचेसाठी गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं. डोळ्यांना तसं आकाश दिसलं नव्हतं, मनाला दिसलं होतं. आज तो फोटो ब्लॅक अँड व्हाइटचा आदर्श म्हणून दाखवतात.

आता तुमच्या खिशातला फोन. त्याच्या सेन्सरवर बारीक रंगीत फिल्टरांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायरने तिचं पेटंट १९७६ साली मिळवलं. नेहमीच्या जाळीत निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे फोन आधी रंगीत फोटो घेतो आणि नंतर त्यातला रंग काढतो. काढताना बरीच सॉफ्टवेअर एक जुनं प्रमाण वापरतात: लाल सुमारे ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११. हे प्रमाण १९५३ सालचं, अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं. रंगीत कार्यक्रम जुन्या काळ्या-पांढऱ्या सेटवरही नीट दिसावा म्हणून ठरलेलं! त्या हिशेबाने २५५ पैकी २५५ लाल असलेला ठिपका ७६ करडा होतो. आणि १३० हिरवा असलेला ठिपका? तोही ७६. म्हणून जास्वंदीचा फोटो मोनो केला की फूल कधीकधी पानांतच विरघळून जातं. तुमचा फोन वाईट नाही, बेरीजच तशी येते. एडिटिंग अ‍ॅपमध्ये लाल रंगाची पट्टी उजवीकडे सरकवा, फूल पांढरं होईल. डावीकडे सरकवा, काळं. अ‍ॅडम्सने काचेने केलं ते तुम्ही अंगठ्याने करताय.

मग ज्यात रंगाची जाळीच नाही असा सेन्सर ‘खरा’ का? असे आहेत. लायकाने २०१२ साली एम मोनोक्रोम कॅमेरा काढला, त्याला रंग दिसतच नाहीत. २०१६च्या हुआवे पी९ फोनमध्येही दोनपैकी एक कॅमेरा निव्वळ मोनोक्रोम होता. बारकावे छान येतात, वाद नाही. पण स्पर्धा तुम्हाला कॅमेरा विचारत नाही. पीएसएच्या व्याख्येत शब्द आहे ‘भास’. रंग नसल्याचा भास होतोय का, एवढंच. फिल्मच्या काळातही असंच होतं. इल्फर्डने १९८०च्या सुमारास एक्सपी१ नावाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आणली. ती रंगीत फिल्मच्याच रसायनात धुवायची, आणि धुतल्यावर तिच्यात चांदी उरायचीच नाही, फक्त रंगद्रव्य. कोपऱ्यावरच्या रंगीत लॅबमध्ये दिलीत तर प्रिंटवर हिरवी किंवा तांबूस झाक यायची. तरी फोटो मोनोक्रोमच.

कुठे अडतं ते मात्र लक्षात ठेवा. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटोने एका युक्रेनियन छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं. त्याने रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला होता, चारी बाजूंनी भरपूर कापला होता, दाणेदार केला होता. हे सगळं परीक्षकांनी चालवून घेतलं. अडलं ते एका पावलावर. मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी पायाचा तुकडा त्याने पुसला होता. सगळ्या जगाचे रंग काढले तर चालतं, एक पाय काढला तर नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. पण विचार केला तर पटतं. काळा-पांढरा फोटो बघताना जग रंगीत होतं हे प्रत्येकाला माहीत असतं, त्यात फसवणूक नाही. पाय होता हे मात्र कुणालाच कळलं नसतं.

बाकी माझ्या एसटी स्टँडचं काय झालं? पुढच्या वर्षी तोच फोटो, तस्साच, मी त्याच स्पर्धेच्या रंगीत विभागात पाठवला. परीक्षकांचा एका ओळीचा शेरा आला: ‘रंग कमी पडतात.’