मंगरूळपीरच्या बाजारात जुन्या सायकलीला टायर का मिळतो?

सत्तर वर्षांपूर्वीच्या मोटारीचा एखादा सुटा भाग हवा असेल तर महानगर गाठावे लागते, आणि तरीही तो मिळेलच असे नाही. त्याच वयाची काळी सायकल मात्र मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी साध्या दुकानात दुरुस्त होते. २८ बाय दीड इंची टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, कॉटर पिन, छर्रे, सारे तिथेच मिळते. या सोयीमागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी. आणि भंगाराच्या भावात मिळणारी अशी सायकल रोजच्या वापरासाठी कशी पारखावी, याविषयीही.

साचा मूळचा इंग्लंडचा. १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही साखळीवर चालणारी, जवळपास सारख्या चाकांची सायकल आली. १८८८ मध्ये डनलपचा हवेचा टायर. त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचा सायकलचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवीत. तेथून ते सायकली पाठवीत, आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकीत, लोकांना चालवायलाही शिकवीत. लोखंडी नांगर घडवणाऱ्या उद्योगाचा पाया सायकलच्या दुकानात आहे, हे आपण फार घाईने वाचून पुढे जातो.

तेव्हा ती साहेबांची आणि वकिलांची वस्तू होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान ती शिक्षक, कारकून आणि पोस्टमनपर्यंत उतरली. वऱ्हाडात तर तिची गरज अधिकच. शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला गेली. मंगरूळपीर, नावात ‘रूळ’ असूनही, रुळांवाचूनच राहिले. कापूस बैलगाडीने जाई. एकट्या माणसाला मात्र बैल जुंपायचे नव्हते. लग्नाच्या देण्याघेण्यात घड्याळ आणि रेडिओच्या पंक्तीला सायकल बसली, ती उगीच नव्हे. सायकल सासऱ्याने द्यायची आणि चालवायची जावयाने, हाही तिच्या इतिहासाचा भाग आहे. तो चकचकीत छायाचित्रांत दिसत नाही.

खरे वळण स्वातंत्र्यानंतरचे. आयातीवर निर्बंध आले आणि १९५१ च्या उद्योग कायद्याने परवाना पद्धत रुजवली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे ‘टीआय’ने हर्क्युलस आणि बीएसए काढल्या, आसनसोलला सेन-रॅले उभा राहिला, सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियानात १९५६ मध्ये हिरो. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स त्याआधीपासून होताच. सर्वांनी उचलला तो एकच ब्रिटिश रोडस्टर : लांब नळ्या, सळईचे ब्रेक, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे. इंग्लंडने तो साचा सोडला. बंद बाजारपेठेत आपण तो दशकानुदशके घडवीत राहिलो. अर्थतज्ज्ञ याला साचलेपण म्हणतील, आणि त्यात तथ्य आहेच. पण त्याच साचलेपणामुळे आजोबांच्या सायकलीला नातवाच्या काळातही टायर मिळतो.

आता पारख. आधी नळ्यांचे सांधे आणि पुढचा चिमटा तपासावा. तडा असेल किंवा चिमटा मागे वाकला असेल तर सायकल कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. पुढच्या नळीवरचा बिल्ला पाहावा : बगळ्याचे डोके म्हणजे रॅले, एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका म्हणजे बीएसए, कारण ती कंपनी मुळात शस्त्रांची. मात्र नाव इंग्रजी आहे म्हणून सायकल विलायती ठरत नाही. तीच नावे भारतातही घडली. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब निघाला तर त्यावर बहुधा निर्मितीचे वर्ष कोरलेले असते, आणि तो पुरावा बिल्ल्यापेक्षा भक्कम.

दुरुस्ती महाग नाही, पण संयमाची आहे. अडकलेली कॉटर पिन हातोड्याने ठोकण्याआधी रात्रभर तेलात भिजू द्यावी. छर्रे बदलावेत, ग्रीस नवे भरावे, चाकांचा आऊट काढून घ्यावा. पॅडलच्या आसाचे जुने कप मात्र फेकू नयेत : नॉटिंगहॅमच्या रॅलेला इंचात २६ आटे, इतर ब्रिटिश सायकलींना २४. दुकानातला नवा कप तिथे बसत नाही. जबरदस्तीने बसवला तर नळीतले आटे जातात, मग सांगाडाच निकामी. पावसात पोलादी रिमवर हे ब्रेक हळू धरतात, तेव्हा उतारावर वेग आधीच कमी ठेवावा.

आणि रंग देऊ नये. दुकानदार सुचवतील, घरचेही आग्रह धरतील. पण त्या गंजाखाली सोनेरी रेषा असतात, विक्रेत्याची पुसट पट्टी असते, कधी नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला जिथे बसवला होता तिथली खूण असते. अनेक नगरपालिका हा वार्षिक कर घेत आणि पावतीखातर बिल्ला देत. गावातल्या सामान्य माणसाच्या प्रवासाची नोंद दफ्तरांत क्वचितच सापडते; ती या पत्र्यावर सापडते. ओल्या फडक्याने पुसून हलका तेलाचा हात पुरे.

घाई करण्याचे कारण एकच. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, ॲटलसच्या साहिबाबाद कारखान्यातले काम थांबले. २८ इंची टायर अजून मिळतो. मंगरूळपीरच्या दुकानात अजून टांगलेला दिसतो. भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गेलेली सायकल मात्र परत येत नाही.