शिकविणारी यंत्रे आणि शिकण्याचे श्रम

कृत्रिम बुद्धिमत्तेने महाविद्यालयांत जी खळबळ माजविली आहे, तिच्यावर बोलण्यास एखाद्या प्राचार्यांना सोडून आम्हांस का उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. विद्यार्थी म्हणून आम्ही महाविद्यालयाची पायरी कधी चढलो नाही. परंतु यंत्र आले म्हणजे माणसाच्या कामाचे काय होते, याचा अभ्यास आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत केला आहे. आणि वाचनाची खोड असल्यामुळे या यंत्राची कुळकथाही थोडीफार धुंडाळली आहे. ती आधी सांगतो.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. उत्तरपत्रिका तपासून शिक्षक शिणतो, हे पाहून त्यांनी १९२४ साली एक यंत्र विद्वानांपुढे मांडले. टंकलेखन यंत्रासारखी पेटी, खिडकीत प्रश्न आणि चार कळा. शिकविण्यासाठी ते लावले, की योग्य कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येत नसे. शिक्षकाची हमाली यंत्राने करावी आणि शिक्षकाने खऱ्या शिकविण्याकडे वळावे, हा प्रेसींचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण १९२९ नंतर मंदी आली, शिक्षकच बेकार फिरू लागले. श्रम वाचविणारे यंत्र घेणार कोण? १९३२ साली प्रेसींनी ते काम सोडून दिले.

दुसरे नाव बी. एफ. स्किनर यांचे. १९५३ साली ते पालक म्हणून आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना त्या क्षणी कळतच नाही, हे त्यांना खटकले. त्यांनी यंत्र बनविले आणि त्या दशकाच्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठात आपल्या विद्यार्थ्यांना त्यावर बसविले. प्रेसींच्या यंत्रावर उत्तर निवडावयाचे असे. स्किनरांच्या यंत्रावर ते कागदाच्या पट्टीवर स्वतः लिहावयाचे, मग दांडी सरकवावयाची, तेव्हा खरे उत्तर दिसे. आधी श्रम, मग उत्तर, असा तो क्रम होता. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी संगणकाद्वारे शिकविणारी ‘प्लेटो’ ही व्यवस्था सुरू केली. तिनेही विद्यार्थ्याला विचारावे आणि विद्यार्थ्याने उत्तर द्यावे, हीच रीत ठेविली.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांस खुले झाले आणि हा क्रम उलटला. आता विद्यार्थी विचारतो, यंत्र उत्तर देते. निबंध, प्रयोगाचा अहवाल, गणिताची रीत, सारे क्षणात हजर. श्रम मागाहून करावे, किंवा मुळीच करू नयेत.

याचे फळ काय, हे दोन प्रयोगांवरून दिसते. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, ज्यांना हे यंत्र मोकळे दिले त्यांनी सरावात ४८ टक्के अधिक गुण मिळविले. यंत्र काढून घेताच तीच मुले, ज्यांना ते कधीच दिले नव्हते त्यांच्या १७ टक्के मागे पडली. उत्तर न देता केवळ इशारे देणारे यंत्र ज्यांना दिले, त्यांचे असे नुकसान बहुतांशी झाले नाही. उलट हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षकांनी विचारपूर्वक रचलेल्या यंत्र-शिक्षकाकडून मुले वर्गापेक्षा कमी वेळात अधिक शिकली. तेव्हा यंत्र वाईट की चांगले, हा वाद आम्ही घालीत नाही. ज्या मुलाच्या घरी विचारावयास कोणी शिकलेले नाही, त्याला रात्री अकरा वाजता शंका पुसता यावी, हे आम्हांस थोडे वाटत नाही. तशी सोय आमच्या वेळी असती तर आम्ही ती सोडली नसती.

पण एक जुनी गोष्ट सांगतो. आम्ही विशीत असताना एका कारखान्यात आमच्या सोबत्यास आरोपपत्र मिळाले. युनियनचे जुने चिटणीस, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्यांनी उत्तर आम्हांस लिहावयास लाविले आणि तीनदा फाडले. “अरे, साहेबाला शिव्या कशाला देतोस? त्या पाळीत कोण कुठे उभा होता, ते लिही.” चौथ्यांदा लिहावयास बसलो तेव्हा उमगले, की प्रकरणच आम्हांस नीट ठाऊक नाही. खात्यात जाऊन पुन्हा चौकशी केली आणि मग लिहिले. नानांना तो कागद दहा मिनिटांत लिहिता आला असता. त्यांना कागद नको होता, उद्याचा कार्यकर्ता हवा होता.

कापड हातमागावर विणले की यंत्रमागावर, अंग झाकण्याचे काम ते करतेच. महाविद्यालयातला निबंध तसा नाही. तो तपासून झाला की रद्दीत जातो. मागे उरतो तो लिहिणारा. लिहिणाराच गैरहजर असेल तर मागे काय उरले?

यावर चोर पकडणारी यंत्रे निघाली. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखविले, की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी अर्ध्याहून अधिक निबंध त्या यंत्रांनी यंत्रलिखित ठरविले. आमच्या गावच्या मराठी मुलाने साधे, सरळ इंग्रजी लिहावे आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याला आरोपपत्र मिळावे, हा कोठला न्याय?

खरा उपाय जुनाच आहे. विद्यार्थ्याला समोर बसवावे आणि विचारावे, “हे तू का लिहिलेस?” शंभर विद्यार्थी, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे जवळजवळ सतरा तास. आणि आज आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत शिकविणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर राबतो आहे. हे सतरा तास त्याच्या हिशेबात कोण धरणार? नानांना तीन कागद फाडण्यास सवड होती, म्हणून आम्ही शिकलो.

शिक्षकाचा वेळ वाचेल, हे वचन प्रेसींनी शंभर वर्षांपूर्वी दिले. आज ते पुन्हा दिले जात आहे. वाचलेला वेळ विद्यार्थ्याच्या पदरात पडतो, की रिकामी पदे रिकामीच ठेवण्याचे निमित्त होतो, हे यंत्र ठरविणार नाही. ते संस्थाचालक, सरकार आणि आपण ठरविणार आहोत. आपल्या मुलाच्या महाविद्यालयात जाल तेव्हा संगणक किती, हे अवश्य विचारा. पण त्याआधी कायम शिक्षक किती, हे विचारा.