ऑरेंज काऊंटीचा हंगामी कारभारी

राजा अज्ञान असेल वा परागंदा झाला असेल, तर कारभार कोणी पाहावा, या प्रश्नाची उत्तरे इतिहासात पुष्कळ सापडतात. आपल्याकडे १७७४ साली बारभाईंनी त्याचे एक उत्तर दिले. परंतु जेथे राजा नाही, निवडून आलेले पाच जण आहेत, आणि त्या पाचांवरचाच लोकांचा विश्वास उडाला आहे, तेथे काय करायचे? कॅलिफोर्नियातील ऑरेंज काऊंटीवर १९९४ च्या डिसेंबरात हा प्रसंग आला. त्या प्रसंगाची चर्चा एरवी वित्तव्यवहाराच्या अंगाने होते. व्याजदर, रोखे, गहाणवट यांचे आकडे मांडले जातात आणि गोष्ट संपते. मला मात्र तिच्यातील दोन नेमणुका अधिक लक्षणीय वाटतात: एक हंगामी प्रमुखाची आणि दुसरी वकिलाची.

प्रथम ही काऊंटी म्हणजे काय ते पाहू. आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना केली जाते, ती अर्धीच खरी आहे. आपला जिल्हाधिकारी राज्याचा माणूस. वरून नेमलेला, वरून बदलला जाणारा. कॅलिफोर्नियाच्या काऊंटीत वरून आलेला असा कोणी नसतो. पाच पर्यवेक्षकांचे मंडळ लोक निवडतात. शेरीफ, सरकारी अभियोक्ता, लेखापाल आणि खजिनदार हेही लोकच निवडतात. म्हणजे खजिनदार हा मंडळाचा नोकर नव्हे. मंडळाने त्याच्यावर रागवावे, पण त्याला घरी पाठवू नये, अशी ही रचना. मंडळाच्या हाताखाली एक प्रशासकीय अधिकारी असतो आणि 'काऊंटी कौन्सेल' नावाचे विधी-कार्यालय असते. हे कार्यालय मंडळालाही सल्ला देते, खजिनदारालाही देते आणि इतर खात्यांनाही देते. शांततेच्या काळात ही मोठी सोयीची व्यवस्था आहे. ती सोय कधी संपते, हे पुढे येईलच.

रॉबर्ट सिट्रन १९७० च्या दशकापासून या काऊंटीचा खजिनदार होता. रिपब्लिकनांच्या या बालेकिल्ल्यात तो डेमोक्रॅट होता, तरी दरवेळी निवडून येई, कारण त्याच्या हाती पैसा वाढत असे. १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' ने मालमत्ताकराला लगाम घातला होता. काऊंटीला उत्पन्नाची दुसरी वाट हवी होती, आणि ती वाट सिट्रनच्या दालनातून जात होती. काऊंटी, तिच्यातील शहरे, शाळांची मंडळे, पाण्याच्या संस्था अशा सुमारे दोनशे सार्वजनिक संस्थांचे ७५० कोटी डॉलर त्याच्या एकत्रित निधीत होते. शाळांना तर काऊंटीच्या तिजोरीत पैसा ठेवणे कायद्यानेच भाग होते. काहींनी त्यावर कर्ज काढूनही भर घातली. हे रोखे गहाण ठेवून सिट्रनने आणखी पैसा उचलला, त्याचे पुन्हा रोखे घेतले, आणि निधीचा पसारा २,००० कोटी डॉलरांच्या वर नेला. व्याजदर उतरत राहतील किंवा निदान चढणार नाहीत, या एका गृहीतावर हे सारे उभे होते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने सहा वेळा दर वाढवले. त्याच वर्षी जूनच्या निवडणुकीत जॉन मूरलाक नावाच्या हिशेबनिसाने हा धोका उघडपणे मांडला होता. मतदारांनी त्याला पाडले.

१ डिसेंबरला काऊंटीने सुमारे १५० कोटी डॉलरांच्या तुटीची कबुली दिली. ४ तारखेला सिट्रनने राजीनामा दिला. त्याच्या जागी तात्पुरता कोण आला? त्याचाच सहायक. संस्था संकटात सापडली की पहिला हात नेहमी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडे जातो. त्याला किल्ल्या कोठे आहेत हे ठाऊक असते. पण किल्ल्या ठाऊक असणे हेच येथे संशयाचे कारण होते. या सहायकावर पुढे खटला झाला. ६ डिसेंबरला कर्ज देणाऱ्यांपैकी एका बड्या संस्थेने १२५ कोटी डॉलरांचा व्यवहार पुढे चालवण्यास नकार दिला आणि त्याच दिवशी ऑरेंज काऊंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नुकसान अखेर सुमारे १६४ कोटी डॉलरांवर स्थिरावले. अमेरिकेच्या इतिहासात तोवर कोणत्याही स्थानिक शासनाने एवढी मोठी दिवाळखोरी पुकारली नव्हती.

आता वकिलाचा प्रश्न. काऊंटी कौन्सेलचे कार्यालय हाताशी असताना बाहेरचा वकील कशाला? एक कारण उघड आहे. दिवाळखोरी कायद्याचे नववे प्रकरण, जे केवळ शहरे, काऊंट्या व तत्सम संस्थांसाठी आहे, ते फारच थोड्या वकिलांच्या वाचनात असे. त्याचा इतिहासही चमत्कारिक आहे. महामंदीत, १९३४ साली, असा पहिला कायदा झाला. १९३६ साली सर्वोच्च न्यायालयाने, टेक्सासमधील कॅमेरॉन काऊंटीच्या एका पाणी-संस्थेच्या प्रकरणात, तो राज्यांच्या सार्वभौमत्वाच्या आड येतो म्हणून रद्द केला. काँग्रेसने १९३७ मध्ये तो थोडा बदलून पुन्हा केला आणि १९३८ मध्ये त्याच न्यायालयाने तो मान्य केला. तेव्हापासून एक तत्त्व टिकून आहे: न्यायाधीशाने अशा संस्थेच्या कारभारात, करात वा खर्चात हात घालायचा नाही. कंपनी बुडाली तर न्यायालय विश्वस्त बसवू शकते. काऊंटी बुडाली तर तिच्या खुर्चीत कोणाला बसवण्याचा अधिकार न्यायाधीशाला नाही. खुर्ची भरायची ती काऊंटीनेच.

पण दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. खजिनदाराला सल्ला देणारे, मंडळाला सल्ला देणारे आणि कर्जरोखे काढताना कागदपत्रे पाहणारे कार्यालय एकच होते. आता मंडळ म्हणणार, खजिनदाराने आम्हांला अंधारात ठेवले. खजिनदार म्हणणार, दलालांनी मला फसवले. शाळा म्हणणार, आमचा पैसा काऊंटीने बुडवला. या तिघांत एकच वकील उभा राहू शकत नाही. म्हणून काऊंटीने ब्रूस बेनेट या लॉस एंजेलिसच्या दिवाळखोरी-तज्ज्ञाला प्रमुख वकील केले. गुंतवणूकदार संस्थांनी आपली समिती वेगळी केली आणि आपले वकील वेगळे. बेनेटचा अशील होता काऊंटी ही कायदेशीर व्यक्ती. पाच पर्यवेक्षक नव्हेत, सिट्रन नव्हे. हे सोपे वाटते, पण अशीलाला तोंड नसते. ज्यांच्या तोंडून तो बोलायचा, त्यांच्यावरच चौकशीचे सावट होते.

वकिलांना सर्व बाजूंनी यश आले असे नाही. अर्ज दोन केले होते, एक काऊंटीचा आणि एक निधीचा स्वतंत्र. निधी ही काही स्थानिक शासनसंस्था नव्हे, असे म्हणून न्यायाधीश जॉन रायन यांनी १९९५ मध्ये दुसरा अर्ज फेटाळला. गहाण रोखे धनकोंनी विकू नयेत हाही आटोकाट प्रयत्न होता. धनकोंनी सुमारे १,१०० कोटी डॉलरांचे रोखे विकून टाकले. उरलेले काऊंटीने स्वतःच विकले. त्या कामावर राज्याचे माजी खजिनदार थॉमस हेज यांना आणले होते. व्याजदर पुढे उतरले, तेव्हा ही घाई नडली असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मागाहून ते म्हणणे सोपे आहे. १९९५ च्या मे महिन्यात जो समझोता झाला, त्यात मात्र वकिलांचे खरे काम दिसते: प्रत्येक संस्थेला डॉलरमागे सत्त्याहत्तर सेंट रोख, वचनचिठ्ठ्या धरून शाळांना नव्वद, इतरांना ऐंशी, उरलेल्यासाठी दावे राखून. शाळांना अधिक का, याचे शुद्ध कायदेशीर उत्तर देता येणार नाही. मुलांच्या शाळा बंद पडल्या असत्या तर कोणताच समझोता टिकला नसता, एवढेच त्याचे कारण आहे, आणि ते पुरेसे आहे.

आणि खुर्ची? डिसेंबरात मंडळाने रोजच्या कारभाराची काटछाट ठरवण्याचे काम शेरीफ, सरकारी अभियोक्ता आणि आरोग्यखात्याचा प्रमुख या तिघांकडे दिले. बारभाईच म्हणायचे. पण त्यांपैकी अभियोक्त्याला याच प्रकरणात आरोप ठेवायचे होते, आणि त्याच्या स्वतःच्या खात्याचे पैसेही या संकटात कापले जायचे होते. हे लक्षात ठेवावे. प्रशासकीय अधिकारी अर्नी श्नायडर यांना बाजूला करण्यात आले. १९९५ च्या फेब्रुवारीत विल्यम पोपजॉय हे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले. काऊंटीत हे पदनाम प्रथमच वापरले जात होते. पोपजॉय बचत-कर्ज संस्था चालवलेले, धनाढ्य, काऊंटीचेच रहिवासी. त्यांनी वेतन घेतले नाही.

बिनपगारी हंगामी प्रमुख ही कल्पना पाहताच आवडते. बुडत्या घरात पैसे न घेता आलेला माणूस! मला मात्र यात एक अडचण दिसते. पगार ही केवळ कमाई नसते, ते बंधनही असते. पगार देणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतो आणि घेणाऱ्याला उत्तर देण्याचे कर्तव्य. पोपजॉय कोणाचे देणे लागत नव्हते, म्हणून ते निर्भीड होते, आणि त्याच कारणाने एकटे होते. मार्चमध्ये त्यांनी काऊंटीच्या ज्या खर्चावर मंडळाची मर्जी चालते, तो सुमारे ४१ टक्क्यांनी, म्हणजे १८.८ कोटी डॉलरांनी कापण्याची योजना मांडली. शेकडो नोकऱ्या गेल्या. त्यानंतर त्यांनी करवाढीची बाजू घेतली. विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवण्याचा प्रस्ताव, 'मेझर आर', २७ जून १९९५ रोजी मताला आला. मंडळ त्यामागे एकदिलाने उभे राहिले नाही. सुमारे साठ टक्के मतदारांनी तो फेटाळला. जुलैत पोपजॉय निघून गेले.

मतदार चुकले असे त्या वेळी वॉल स्ट्रीटवर सर्रास बोलले गेले. एवढी श्रीमंत काऊंटी, आणि अर्धा टक्का देत नाही! पण मतदाराच्या जागी उभे राहून पाहिले, तर दुसरा अर्थ लागतो. ज्या मंडळाने पाहारा दिला नाही तेच मंडळ कर मागत होते, आणि ते मागणे घेऊन जो माणूस दारात आला होता त्याला कोणी निवडले नव्हते. वकिलाला निदान आपला अशील कोण हे ठाऊक होते.

पुढचा भाग कमी नाट्यमय आणि अधिक यशस्वी आहे. जॉन वेन विमानतळाच्या व्यवस्थापक जॅन मिटरमायर या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. त्या काऊंटीच्या नोकरशाहीतून आल्या होत्या आणि २००० पर्यंत टिकल्या. वाहतूक, पूरनियंत्रण, उद्याने यांच्या वाट्याचा पैसा काऊंटीकडे वळवण्यात आला. त्यासाठी राज्याचे कायदे बदलावे लागले. काऊंटीला वेळेत योजना जमली नाही, तर राज्यपालांनी विश्वस्त नेमावा अशी तरतूदही झाली, पण ती वापरावी लागली नाही. जून १९९६ मध्ये ८८ कोटी डॉलरांचे रोखे काढून काऊंटी दिवाळखोरीतून बाहेर आली. मेरिल लिंच या दलाल-संस्थेवर जो दावा केला होता, त्यात १९९८ साली ४० कोटी डॉलरांवर तडजोड झाली. दिवाळखोरीचे कर्ज संपूर्ण फिटायला २०१७ उजाडले. खजिनदाराची जागा मार्च १९९५ मध्येच मूरलाक यांना देण्यात आली होती, जूनमध्ये हरलेल्या त्याच मूरलाक यांना. सिट्रनने गुन्हे कबूल केले; वर्षभर दिवसा तुरुंगाच्या भांडारात कारकुनी करून रात्री घरी जायचे, अशी त्याची शिक्षा झाली.

सहायकाचा खटला वेगळा गेला. ज्युरीने त्याला दोषी ठरवले, पण अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण? अभियोक्त्याचे कार्यालय स्वतः या दिवाळखोरीने पोळलेले होते, तेव्हा त्याने हा खटला चालवणे योग्य नव्हते. दोन पर्यवेक्षकांविरुद्ध त्याच अभियोक्त्याने कर्तव्यच्युतीचे आरोप आणले होते. तेही वरच्या न्यायालयात टिकले नाहीत. काऊंटीने दिवाळखोरीसाठी बाहेरचा वकील शोधला, परंतु शिक्षा मागण्यासाठी घरचाच वापरला. आणि तेथेच ती हरली.

पर्यवेक्षकांवर दुसरा ठपका आला तो रोखे-बाजाराच्या केंद्रीय नियंत्रक आयोगाचा. जानेवारी १९९६ च्या त्याच्या अहवालाचा आशय असा: कर्जरोख्यांची कागदपत्रे अधिकाऱ्यांनी आणि वकिलांनी तयार केली होती, एवढे म्हणून निवडून आलेल्या सदस्याला सुटता येत नाही, शंका यावी अशा गोष्टी त्याला ठाऊक असतील, तर प्रश्न विचारणे त्याचे काम आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात कर्जरोख्यांचे ठराव या मंडळाने सरसकट मंजुरीच्या यादीत, चर्चेविना संमत केले होते.

तरीही मतदारांनी रचना बदलली नाही. मार्च १९९६ मध्ये काऊंटीला नवी सनद देण्याचा प्रस्ताव आला, तोही त्यांनी फेटाळला. खजिनदार आजही निवडूनच येतो.

२०१३ साली डेट्रॉइट शहर बुडाले. तेथे मार्चमध्ये मिशिगनच्या राज्यपालांनी केव्हिन ऑर या वकिलाला आणीबाणी-व्यवस्थापक नेमले. अशा व्यवस्थापकांना अधिकार देणारा आधीचा कायदा चारच महिन्यांपूर्वी मतदारांनी फेटाळला होता, आणि विधिमंडळाने लगेच दुसरा केला होता. ऑर ज्या जोन्स डे या विधिसंस्थेतून आले, तीच संस्था शहराची दिवाळखोरी-सल्लागार झाली. जुलैत अर्ज दाखल झाला. शहरातर्फे न्यायालयात उभे राहणाऱ्या प्रमुख वकिलांत ब्रूस बेनेट होते.