किल्लेदाराची शिल्लक

बसवकल्याणचा किल्ला डोंगरावर नाही, आणि दुर्ग म्हटला की सह्याद्रीचा एखादा तुटलेला कडा डोळ्यांपुढे आणणाऱ्या मराठी वाचकाचा प्रथमदर्शनी थोडा हिरमोडच होतो. परंतु खंदक ओलांडून आत शिरणारी वाट पहिल्या दरवाज्यानंतर सरळ न जाता वळते, वळून पुन्हा दुसऱ्या दरवाज्याशी अडते आणि दोन्ही अंगांचे तट माथ्यावर झुकल्यासारखे वाटू लागतात, तेव्हा ध्यानात येते की रायगडावर जे काम उंचीने केले तेच येथे वळणांवर सोपविलेले आहे. हत्तीला धडक देण्यास धाव मिळू नये, पुढच्या शिपायाला मागचा दिसू नये, आणि वरच्या जंग्यांतून मात्र दोघेही दिसावेत, एवढ्यासाठी ही वाट वाकडी केली. आत येणाऱ्या सशस्त्र मनुष्याजवळचा उजेड, दम आणि दारूगोळा यांचा क्रमाक्रमाने व्यय करून त्याला अखेरच्या चौकात दरिद्री अवस्थेत आणून उभा करावयाचा, ही दख्खनच्या भुईकोटांची रचनानीती होती.

हीच नीती आजच्या तरुणांच्या एका करमणुकीत जशीच्या तशी सापडते, हे सांगितले तर इतिहासप्रेमी मंडळींस ते कदाचित रुचणार नाही. भयाच्या ज्या संगणकीय खेळांत खेळणाऱ्याला अंधाऱ्या वाड्यातून जिवंत बाहेर पडावयाचे असते, त्यांचा उगम जपानी ‘स्वीट होम’ (1989) आणि फ्रेंच ‘अलोन इन द डार्क’ (1992) या खेळांत असून 1996 मध्ये कॅपकॉम कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने त्यांना जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या खेळातील एका पात्राजवळ वस्तू ठेवण्यास अवघी सहा घरे असत, दुसऱ्याजवळ आठ. गोळ्या मोजक्या, औषधी मोजकी, आणि केलेली प्रगती नोंदवून ठेवण्यासाठी लागणारी टंकयंत्राची फीतसुद्धा मोजकीच. म्हणून त्यात मुरलेली मुले नवख्यांना जो उपदेश करतात तो पराक्रमाचा नसतो. दिसेल त्या चालत्या प्रेतावर गोळी झाडू नकोस, वाट मोकळी असेल तर बगल देऊन निघून जा, मोठे हत्यार मोठ्या शत्रूसाठी राखून ठेव, ज्या खोलीला दुसरे दार नाही तिच्यात लढाई पत्करू नकोस. दप्तरी मराठीत उतरविला तर हा उपदेश एखाद्या किल्लेदाराला पाठविलेल्या ताकिदीसारखा वाचता येईल.

तशी ताकीद आपल्याकडे लिहिलेली आहेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण पुष्कळांनी गौरवाने उल्लेखिले, परंतु त्याचा खरा स्वभाव काव्याचा नसून कारकुनी आहे, आणि हे मी दूषण म्हणून म्हणत नाही. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा त्यांच्या मते मोठा दोष. म्हणून दुसरे दरवाजे आणि चोरदिंड्या हव्यात, व नेहमीच्या राबत्यास लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. पाणी असेल तेवढ्यावर न थांबता जखिऱ्याची म्हणून निराळी टाकी बांधावीत आणि त्यांतील पाणी खर्च होऊ देऊ नये. दारूखाना वस्तीला लागून नसावा. दारू, बाण, होके (हातगोळे) हे दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून, ऊन दाखवून, पुन्हा मोहर करून ठेवावेत. हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्या परस्परांवरील देखरेखीत शिवकालापासून किल्ल्याचा कारभार बांधलेला होता तो याचसाठी, की तलवार धरणारा हात आणि शिल्लक मोजणारा हात एक असू नये.

बसवकल्याणला, म्हणजे तेव्हाच्या कल्याणाला, असल्या दूरदृष्टीचा धडा फार लवकर मिळाला होता. अकराव्या शतकात चालुक्य सोमेश्वर पहिला याने मान्यखेटाहून राजधानी कल्याणास आणली, आणि त्याच शतकाच्या मध्यास चोळ राजाधिराजाने हे नगर जाळून येथील एक द्वारपालाची मूर्ती आपल्या देशी नेली; कल्याणपुर जाळून ही आणली, असा लेख तिच्यावर कोरलेला आहे. दरवाजा राखावयाचा त्यालाच शत्रूने उचलून न्यावे, याहून बोचरी नामुष्की राजधानीची ती कोणती! पुढे याच घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात दुर्गांचे नऊ प्रकार सांगितले. त्यांत पाणी, पर्वत, दगड, वीट, माती, अरण्य, वाळवंट आणि लाकूड यांच्या दुर्गांबरोबर माणसांचा, म्हणजे नरदुर्गही आहे. मल्लांची कुस्ती आणि शस्त्रधाऱ्यांची द्वंद्वे ही राजाची करमणूक म्हणून त्याच ग्रंथात वर्णिलेली आहेत, यावरून लढाईचा खेळ करून पाहण्याची हौस नवी नाही एवढे तरी सिद्ध व्हावे.

शिल्लक आणि शिल्लकेचा भास यांतील अंतर देवगिरीने शिकविले. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी अकस्मात चालून आला तेव्हा रामदेवराय यादवाने किल्ल्याचा आश्रय घेतला, आणि घाईत वर चढविलेली पोती धान्याची नसून मिठाची असल्याचे वेढा पडल्यावर उघडकीस आले, अशी कथा इतिहासकार फिरिश्त्याने नोंदली आहे; कथेत अतिशयोक्ती धरली तरी पोते उघडून पाहणारा कारकून त्या दिवशी तेथे नव्हता, हे तिचे मर्म खोटे ठरत नाही. त्याच किल्ल्यातील ‘अंधारी’ ही खडकात खोदलेली काळोखी वाट प्रवाशांना दाखवितात. चढ, वळणे, मधूनच पायाखाली येणारी पायरी, आणि वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आतल्या माणसाला धुराने गुदमरविण्याची सोय पाहिली म्हणजे भयाच्या खेळातील वाडा रचणाऱ्यांना दौलताबाद, म्हणजे हीच देवगिरी, पाहण्याची गरज का पडली नसावी, याचे आश्चर्य वाटते. मनुष्याची काळोखातील भीती सर्वत्र सारखीच असल्याने तेही त्याच युक्तीपर्यंत पोचले असावेत.

कल्याणीचा, म्हणजे बसवकल्याणचा, किल्ला बहामनी सत्तेखाली गेल्यावर तोफांच्या युगाला अनुसरून तटबुरूज पुन्हा बांधले गेले, बिदर आणि विजापूर यांच्या सीमेवरचे ठाणे म्हणून सोळाव्या शतकात तो अनेकदा हस्तांतरित झाला, आणि विजयनगरच्या रामरायापर्यंत अनेकांचे हात त्याने पोळविले. तो सगळा वृत्तांत येथे आणण्याचे कारण नाही. आपल्या विषयाला उपयोगी पडते ते 1657 हे एकच साल.

मुहम्मद आदिलशहा 1656 च्या नोव्हेंबरात वारला, आणि गादीवर बसलेल्या तरुण अलीचा वारसा संशयित ठरवून दख्खनचा सुभेदार शहाजादा औरंगजेब विजापूरच्या मुलखावर चालून आला. प्रथम बिदर. तेथील किल्लेदार सिद्दी मर्जान हा वयोवृद्ध, अनुभवी आणि निष्ठावान सरदार. तीन-चार आठवडे त्याने खंदकाच्या काठी मोगलांना झुंजत ठेविले. मग हल्ल्याच्या दिवशी एक ठिणगी बुरुजामागे दारू आणि होके साठविलेल्या खड्ड्यात पडली, मोठा स्फोट झाला, आणि मर्जान आपल्या मुलांसह होरपळला; मरणशय्येवरून त्याने किल्ल्याच्या चाव्या उरलेल्या मुलांच्या हाती शहाजाद्याकडे पाठविल्या. आत मोगलांना काय मिळाले? सुमारे बारा लाख रुपये रोकड, आठ लाखांचा दारूगोळा व धान्य, आणि दोनशे तीस तोफा. अन्न होते, दारू होती, धैर्यही होते. दारूची साठवण अलग ठेवावी, ही आज्ञापत्रातील साधी तजवीज तेवढी नव्हती. शस्त्रागार भरलेले असताना हरणे हे उपाशी हरण्यापेक्षा अधिक दुःखदायक, आणि भयाचे खेळ खेळणारी मुलेही, वाचवून ठेवलेल्या साऱ्या गोळ्या जवळ असताना पात्र मेले, म्हणून हळहळतात ती याच कारणाने.

बिदरहून सुमारे चाळीस मैल पश्चिमेस असलेल्या कल्याणीला मेच्या आरंभी वेढा पडला. येथे हबशी किल्लेदार दिलावर होता, आणि त्याच्या युद्धाची तऱ्हा निराळी. मोगलांनी झाडोरा टाकून खंदक भरावा, आणि आतल्यांनी नाफ्ता ओतलेले पेटते गवत वरून फेकून तो भराव जाळून टाकावा. तेव्हा मोगलांना दगडमातीने तेच काम पुन्हा आरंभावे लागले. दिवसांची ही वसुली दिलावरच्या खात्यावर जमा होत होती. बाहेर विजापुरी स्वार मोगलांच्या रसदेवर तुटून पडत, त्यामुळे वेढा घालणाराच मधूनमधून वेढ्यात सापडल्यासारखा होई. औरंगजेब या तटाशी अडकण्याच्या सुमारास, एप्रिल संपता संपता, पुण्याकडून निघालेल्या शिवाजीराजांनी रात्री जुन्नर लुटले आणि पुढे अहमदनगरच्या आसपास मोगली मुलखाला उपद्रव दिला. त्याच सालच्या ऑक्टोबरात राजांनी कल्याण घेतले ते कोकणातले. एकाच वर्षी दोन कल्याणे इतिहासात गाजल्याने घोटाळा होतो, तो वाचकाने करू नये.

जुलैच्या अखेरीस मोगल बुरुजावर चढले. शेवटच्या दिवसांतही आतून दारूची मडकी, पेटते गवत आणि नाफ्ता यांचा वर्षाव चालू होता, म्हणजे दिलावरने वाढत्या संकटासाठी शिल्लक राखली होती. पण बुरूज हातचा गेल्यावर त्याने हिशेब मांडला आणि कौल मागितला. 1 ऑगस्टला चाव्या दिल्या, आणि शिबंदीसह, कुटुंबकबिल्यासह सन्मानाने बाहेर पडला. संगणकाच्या खेळात ही एक सोय कोणी ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. तेथे मरावे किंवा जिंकावे, वाटाघाट नाही. दख्खनच्या किल्लेदाराला मात्र तिसरा मार्ग ठाऊक होता, आणि तो केव्हा स्वीकारावा हे कळणे ही त्याच्या विद्येतील सर्वांत कठीण पायरी. फार लवकर चावी दिली तर फितुरी, फार उशिरा दिली तर कत्तल. मर्जानच्या निष्ठेची थोरवी कमी न करता असे म्हणावेसे वाटते की दोघांत सरस किल्लेदार दिलावर होता.

मोगलांना या विजयाचा उपभोग फारसा लाभला नाही. विजापूरशी घाईने तह झाला, आणि सप्टेंबरात शाहजहान आजारी पडल्यावर वारसाहक्काच्या युद्धाचे वेध लागले. तहात बिदर व कल्याणीबरोबर परांड्याचा किल्लाही मोगलांना देण्याचे ठरले. परांड्याच्या किल्लेदाराने तहाचा कागद मानला नाही आणि चावी दिली नाही. तीन वर्षांनी, 1660 मध्ये, तो किल्ला मोगलांना मिळाला तो किल्लेदार गालिब याच्याकडून, लढाईवाचून आणि मोबदला देऊन.