दादासाहेबांची डायरी आणि लक्ष्मीबाईंचं घर

आज आपण अमरावतीच्या एका जुन्या, जाणत्या माणसाची आठवण काढू. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजे आपले दादासाहेब. जन्म १८५४ चा, गणेश चतुर्थीचा. म्हणून नाव गणेश.

अमरावतीत त्यांची वकिली जोरात चालायची. राहणी अशी ऐसपैस, की लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणत. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. देशभरातून पाहुणे आले. स्वागत समितीचे अध्यक्ष होते दादासाहेब.

१९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. दादासाहेब त्यांचे जिवलग मित्र. चालती वकिली सोडून ते टिळकांच्या सुटकेसाठी विलायतेला गेले, दोन वर्षं तिथंच राहिले. सुटका काही झाली नाही. परतताना ते ब्रह्मदेशात उतरले, तुरुंगात मित्राला भेटले आणि मगच घरी आले.

इथं आपण जरा थांबू. कमावता माणूस दोन वर्षं समुद्रापलीकडे, आणि घरात मुलंबाळं. हा भार कोणावर पडला असेल, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या घराच्या मालकीणबाई होत्या लक्ष्मीबाई.

दादासाहेबांना रोज डायरी लिहायची सवय होती. १९११ च्या डिसेंबरात ते शिर्डीला साईबाबांकडे जाऊन राहिले, तेव्हाही रोजचं लिहिणं सुटलं नाही. कोण आलं, काय वाचलं, काय बोलणं झालं, सगळं त्यात आहे. १ जुलै १९३८ ला, ८३ वर्षांचं आयुष्य जगून ते गेले. पण डायरी राहिली, म्हणून ते आजही आपल्याला भेटतात. लक्ष्मीबाई मात्र भेटतात त्या दुसऱ्यांच्या लिहिण्यातून. त्यांच्या मनातलं त्यांच्याबरोबरच गेलं.

मैत्रिणींनो, आपल्याही घरात म्हातारी माणसं आहेत. कोणी फौजेत होतं, कोणी मोर्चात गेलं, कोणी दुष्काळात लेकरं जगवली. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक कोरी वही ठेवू. दर महिन्याला एका घरच्या आजोबांना विचारू आणि लिहून घेऊ. पण त्याच दिवशी आजीलाही विचारायचं, ‘आजी, ते बाहेर होते तेव्हा तू घर कसं चालवलं?’

आजी म्हणेल, ‘माह्यं काय लिवतं वं?’ तरी लिहायचंच.